शाळेच्या मराठी कामासाठी ऑनलाइन गूगल डॉक्स वापरावे की संगणकावरील लिबरऑफिस?

प्रश्न
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका, सूचनापत्रे आणि नववीच्या मुलांचे गटप्रकल्प अशी तीन प्रकारची कामे माझ्याकडे असतात. आमच्या गावात वीज आणि इंटरनेट दोन्ही अधूनमधून जातात, आणि शाळेकडे वर्डचा परवाना घेण्याइतका निधी नाही. शिवाय मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका ऑनलाइन उघडली, तेव्हा मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसली. अशा स्थितीत कोणता पर्याय निवडावा?

प्रतिसाद १
रोमन अक्षरांचा दोष ऑनलाइन सेवेचा नाही. ती प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत). अशा फॉन्टमध्ये साठवली जातात ती रोमन अक्षरांचीच संकेतचिन्हे, आणि त्यांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या ठिकाणी मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. म्हणून कोणतेही साधन निवडण्याआधी सर्वांनी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक स्वीकारावा, असे मी कळकळीने सुचवतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक मुलांना शिकवायचा, तर तो पडद्यावर आणि कागदावर सारखाच उमटला पाहिजे.

प्रश्नपत्रिकेसाठी मी लिबरऑफिसच निवडेन. ते विनामूल्य आहे, इंटरनेटविना चालते आणि गोपनीय मजकूर आपल्याच संगणकावर राहतो. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करावी. हे साधन देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (गुंतागुंतीच्या मांडणीच्या लिप्या) या गटात धरते आणि तिचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळा साठवते. भाषेच्या पर्यायांत हा गट चालू करून तेथे मराठी निवडावी आणि परिच्छेदाच्या शैलीत देवनागरी फॉन्ट ठरवून द्यावा. नाहीतर इंग्रजीचा आकार बदलतो, मराठी मात्र तशीच राहते, आणि नवशिक्या माणसाला आपलेच काही चुकले असे वाटत राहते. छपाईला देताना पीडीएफ करावी, कारण तीत फॉन्ट अंतर्भूत होतो आणि दुकानातील संगणकावर मांडणी विस्कटत नाही.

प्रतिसाद २
प्रश्नपत्रिकेबाबत मी सहमत आहे, परंतु गटप्रकल्पासाठी गूगल डॉक्सला तोड नाही. चार मुले एकाच मजकुरावर एकाच वेळी लिहितात, तुम्ही समासात शेरे देता, आणि कोणी काय लिहिले वा पुसले हे आवृत्ती इतिहासात दिसते. पूर्वी ‘प्रकल्प अंतिम’, ‘प्रकल्प अंतिम २’ अशा फाइली पेन ड्राइव्हवरून फिरत, आणि ज्याच्या घरी संगणक असे त्याचेच लेखन शेवटी उरत असे. मोबाइलवरून लिहिणाऱ्या मुलीलाही आता तितकाच वाटा मिळतो, हे मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते.

इंटरनेट जाण्याचा प्रश्न ऑफलाइन सोयीने बराच सुटतो, मात्र ती सोय इंटरनेट असतानाच, क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये, प्रत्येक संगणकावर आधी चालू करून ठेवावी लागते. खात्याची विनामूल्य १५ जीबी जागा जीमेल आणि फोटो यांच्यातही विभागली जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रश्नपत्रिका लिबरऑफिसमध्ये आणि प्रकल्प गूगल डॉक्समध्ये, अशी विभागणी मी करीन. त्याआधी जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. परिवर्तकाने, म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनाने, रूपांतर केल्यावर जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात का?

प्रतिसाद १
होय, प्रत्येक ओळ तपासावी. विशेषतः रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, आणि चुका बहुतेक तेथेच होतात.