मेयो घातलेला शवरमा खरा म्हणायचा का?

तिसवाडीकर:
पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा, दिवेलागणीला सळी फिरताना दिसतेच. त्यातला बहुतेक माल शवरमा नव्हे, असं माझं स्पष्ट मत. खऱ्या शवरम्यात मांडीच्या मांसाचे पातळ काप मुरवून उभ्या सळीवर एकावर एक रचायचे, मध्येमध्ये चरबीचा थर द्यायचा, म्हणजे वितळलेली चरबी खाली झिरपत सगळं मांस ओलं ठेवते. आपल्याकडे छातीचे कोरडे तुकडे, वर लाल रंग, आणि कोरडेपणा झाकायला मेयोचा (मेयोनीजचा) मारा. लेबनॉनमध्ये कोंबडीबरोबर तूम देतात: लसूण, तेल, लिंबू, मीठ. बीफ-मटणाबरोबर ताहिनीची, म्हणजे वाटलेल्या तिळाची, चटणी. मेयोची बाटली दिसली की पुढचा गाडा गाठावा.

म्हापसा_बाजार:
सगळं खापर मेयोवर कशाला? सळी चुकली तर तूमही वाचवणार नाही. सळीवरच्या मांसाचा बाहेरचा जेमतेम ३-४ मिमीचा थरच नीट भाजलेला असतो. तेवढाच तासायचा आणि पुढचा थर भाजला जाईपर्यंत थांबायचं. गर्दीत सुरी खोल जाते आणि आतलं गुलाबी मांस थेट रोटीत पडतं. गिऱ्हाईक नसलं की आच बारीक करतात. मग बाहेरून वाळतं, आत नुसतं कोमट राहतं. ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू भराभर वाढतात. कापलेलं मांस तव्यावर पुन्हा कडक परतणाऱ्याला लोक नावं ठेवतात, पण अर्धवट भाजलेल्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. गाडा निवडताना बाटली नको, सुरी बघा.

तिसवाडीकर:
सुरीचं मान्य. तरी बाटली सोडू नका. कच्च्या अंड्याच्या मेयोवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी आणली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभरासाठी. आपल्या दमट हवेत ती बाटली संध्याकाळभर फ्रिजबाहेर असते.

पोदेराची_पोई:
तुमचा 'खरा' नेमका कुठला? उभी सळी १९व्या शतकातल्या ऑटोमन तुर्कस्तानातली. बर्लिनमध्ये तुर्की कामगारांनी १९७०च्या दशकात तेच मांस सॅलडसकट पावात भरून विकलं, आणि आज जग त्याला डोनर म्हणून मान देतं. मग शवरमा आपल्या पोईत, गोव्याच्या कोंड्याच्या पावात, भरला तर कुठे बिघडलं? पोई आतून पोकळ, एका बाजूने चीर दिली की खिसा तयार. कोंड्याची साल रस धरून ठेवते. मैद्याची पातळ रोटी दहा मिनिटांत भिजून फाटते.

तिसवाडीकर:
पोई जाड पडते, घासात पावच जास्त येतो. पातळ खुबूस (अरबी रोटी) गुंडाळून तव्यावर दाबली की बाहेरून कुरकुरीत होते. पोईत ते जमत नाही.

पोदेराची_पोई:
संध्याकाळची ताजी पोई घ्या, आतला मऊ गर थोडा काढा, कापलेली बाजू तव्यावर मिनिटभर शेका. सकाळची पोई मात्र घेऊ नका, ती चामट होते. घरी करायचं तर १ किलो कोंबडीच्या मांडीचं बोनलेस, १०० ग्रॅम दही, २ चमचे लिंबाचा रस, ८ लसूण पाकळ्या, जिरे-धणे पूड प्रत्येकी १ चमचा, दालचिनी-वेलची पाव चमचा, मीठ १५ ग्रॅम. रात्रभर फ्रिजमध्ये. अर्ध्या कांद्यात सळी उभी रोवून काप घट्ट दाबून रचा. सैल रचले तर कडा करपतात. ओव्हन २०० अंशांवर सव्वा तास, मधोमध ७५ अंश भरले पाहिजेत.

म्हापसा_बाजार:
तूम फुटतं, तेल वेगळं होतं, त्याचं काय?

तिसवाडीकर:
तेल घाईने ओतलं की फुटतं. १ वाटी लसणाला ३ वाट्या तेल, पाव वाटी लिंबाचा रस, १ चमचा मीठ. आधी लसूण-मीठ अगदी बारीक वाटा, पाकळीतला हिरवा कोंब काढून, नाहीतर कडवट लागतं. मग तेलाची बारीक धार, अधूनमधून लिंबू. फुटलंच तर भांडं रिकामं करून ४-५ पाकळ्या आणि थोडा लिंबाचा रस नव्याने वाटा, त्यात फुटलेलं तूम चमचा-चमचा घाला. मोहरीचं तेल नको, सूर्यफुलाचं घ्या.