चाळीतल्या एलएम३५चं रीडिंग मध्येच तीन-चार अंशांनी पडतं

कांदाचाळ_निफाड
चाळीत उन्हाळ कांदा भरलाय. ढिगात ऊब धरली की सड लागते, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ढिगात एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर खुपसून ठेवलाय. १२ व्होल्टची बॅटरी, १२ चे ५ व्होल्ट करणारं एलएम२५९६चं तयार मॉड्यूल आणि ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड. वायफायची रेंज मिळावी म्हणून ईएसपीचा बोर्ड वर पत्र्याखाली टांगलाय, बॅटरी आणि मॉड्यूल खाली खांबाला. सेन्सरला ५ व्होल्ट आणि ग्राउंड खालच्या मॉड्यूलवरूनच दिलंय, सिग्नलची वायर तेवढी वर नेली.

घरी टेबलावर पॉवर बँकेवर रीडिंग ठाम होतं. चाळीत मात्र ३१, ३१, २८, ३१, २७... मॉड्यूलच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, काडीचा फरक नाही. सेन्सर बदलला, तरी तेच. काल रात्री दोनदा टॉर्च घेऊन चाळीत गेलो, ढिगात हात घालून बघितलं. वर्षाचा माल आहे, या आकड्यावर विसंबायचं कसं?

सर्किटवेडा
एलएम२५९६ १५० किलोहर्ट्झला स्विच होतो, रिपल, म्हणजे व्होल्टेजमध्ये बारीक चढउतार, येणारच. ५ व्होल्टच्या लाइनमध्ये ते गाळणारा फेराइट बीड टाका.

जुना_रिपेअरवाला
बीड आणायला जाण्याआधी एक सांगा. आकडा उडतो तेव्हा कधी ३४-३५ दाखवतो का? की दर वेळी खालीच पडतो?

कांदाचाळ_निफाड
आत्ता दोन दिवसांच्या नोंदी बघितल्या. वर एकदाही गेलेला नाही.

जुना_रिपेअरवाला
मग रिपलवर माझा संशय नाही. रिपलने आकडा दोन्हीकडे हलला असता.

तुमची ग्राउंडची वायर बघा. वायफाय डेटा पाठवतं त्या क्षणी ईएसपी ३०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतो, आणि तो सगळा त्या एका वायरीतून खाली परत येतो. वायर बारीक असेल आणि तिचा रेझिस्टन्स समजा ०.१ ओहम असेल, तर तिच्या दोन टोकांत ३० मिलिव्होल्टचा फरक पडला. म्हणजे वरच्या बोर्डाचं ग्राउंड सेन्सरच्या ग्राउंडपेक्षा ३० मिलिव्होल्ट उचललं गेलं. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. झाले तुमचे तीन अंश कमी! कपॅसिटर खाली लावलात, घोळ आहे वायरीत, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही.

खात्री करून घ्या. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, एक प्रोब मॉड्यूलच्या ग्राउंडवर, दुसरा ईएसपीच्या ग्राउंड पिनवर. चालू सर्किटमध्ये शून्याच्या जवळ यायला हवं.

कांदाचाळ_निफाड
१६ ते १९ दाखवतोय! वायर जुन्या फोनच्या चार्जरची कापलेली, दोन मीटर.

जुना_रिपेअरवाला
मग एरवीचा ३१ सुद्धा खरा नाही. मीटर सरासरी दाखवतो. म्हणजे वायफाय नुसतं चालू असतानाही दीडेक अंश कमीच येत असणार. ढीग तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा गरम आहे, हे आधी ध्यानात घ्या.

सेन्सरच्या तिन्ही वायरी एकत्र पिळून वर न्या. ग्राउंड थेट ईएसपीच्या ग्राउंड पिनला, ५ व्होल्टही तिथूनच. मग सेन्सरच्या ग्राउंडमधून एलएम३५ला लागणारा मायक्रोअँपिअरमधलाच करंट जाईल. बोर्डाच्या मुख्य सप्लायला १ स्क्वेअर एमएमची वायर घाला, आणि तुमचा तो १००० मायक्रोफॅरडवाला खालून काढून ईएसपीच्या पिनांशी लावा, सोबत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक. लांब केबलने एलएम३५ बिथरतो, त्यासाठी सेन्सरच्या आउटपुटपासून ग्राउंडला ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, सेन्सरच्या पायांजवळच. सिग्नल ईएसपीच्या जीपीआयओ३४ पिनवर घ्या. एडीसी२ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या, पिना वायफाय चालू असताना वापरता येत नाहीत.

कांदाचाळ_निफाड
वायरी बदलल्या, कपॅसिटर वर नेला. सकाळपासून ३२.६ ते ३२.९, एकदाही पडला नाही. काचेचा थर्मामीटर त्याच भोकात घातला, तो ३३ म्हणतोय. ढिगाची ती बाजू आज मोकळी करतोय. काका, खूप आभार. दुसरी चाळ बोर्डापासून १२ मीटरवर आहे, तिथेही एलएम३५ चालेल का?

जुना_रिपेअरवाला
तिथे डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावा. तो डिजिटल आहे, दहा-वीस मिलिव्होल्टने त्याचा आकडा हलत नाही. डेटा लाइन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहम, बोर्डाच्या बाजूला. कांद्यात ओल असते, तेव्हा स्टीलच्या नळीतलाच घ्या.