कामगार निरीक्षक वाढवा म्हणायचं, पण नेमकं काय मागायचं?

कांडी
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग, टॉवेल कारखाने आणि शहरातल्या विडी कामगारांसाठी निवेदनाचा मसुदा करतोय. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) कामगार तपासणीवरच्या कन्व्हेन्शन 81 चा दाखला द्यायचाय. इतक्या कामगारांमागे एक निरीक्षक, हे कुठल्या कलमात आहे? आणि "रिक्त पदं भरा" एवढ्यावर भागेल का?

हजेरीपट
आकडा त्यात नाहीच. कलम 10 म्हणतं, संख्या पुरेशी हवी. ती कारखाने किती, केवढे, कामगार किती, कायदे किती किचकट यावरून ठरवा. 10,000 मागे एक हा आयएलओचा नंतरचा ढोबळ निकष, तोही प्रगत देशांसाठी. औद्योगिकीकरण सुरू असलेल्यांना 15,000. "कन्व्हेन्शननुसार 10,000" लिहिलंत तर निवेदन पहिल्याच ओळीत पडेल. शिवाय भारताने 1949 मध्ये मंजुरी दिली ती व्यापारी आस्थापनांचा भाग वगळून, तेव्हा दुकानं यात घुसडू नका.

खरा जोर कलम 12 वर द्या: पूर्वसूचना न देता, दिवसा-रात्री कधीही प्रवेश. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. सकाळी अकराला आलेल्या साहेबाला रात्रपाळी फक्त हजेरीपटावर दिसते. केंद्राच्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत तपासायच्या कारखान्यांची निवड संगणकावर होते. तक्रार आली की त्या निवडीची वाट न बघता जाता यावं, हे वेगळं मागा.

धोटा
सहमत, पण नुसती अचानक भेट देऊन काय बघणार? प्रशिक्षणाचं कलम 7 आहे, तिथे मागावरची कामं नावानिशी लिहा. धोटा (आडवा धागा नेणारा) उडू नये म्हणून लावलेला गार्ड जागेवर आहे की सुतळीने वर बांधून ठेवलाय? पट्ट्यांना जाळी आहे का? आवाज 90 डेसिबलवर आठ तास जातो का? हे मोजायला मीटर हवा, तो वापरता यायला हवा. आणि बाहेर पडायचं दार सुताच्या गाठींनी अडलंय का. मे 2025 मध्ये याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, तेव्हा दाराचा मुद्दा शेवटच्या पानावर टाकू नका.

दुसरी गोम: एकच शेड, पण मधे पत्रा टाकून बायकोच्या, मुलाच्या नावाने तीन परवाने. कारखाना ठरायला विजेवर चालणाऱ्याला केंद्राच्या जुन्या कारखाने कायद्यात 10 कामगार लागायचे, संहितेत 20. वेगवेगळं मोजलं की तिन्ही कायद्याबाहेर. निरीक्षकाला लाइट बिल, सुताची आवक आणि जॉबर (कामगार आणणारा मुकादम) एकच आहे का, हे एकत्र ताडता आलं पाहिजे.

कांडी
विडीचं? तिथे काम घरोघरी.

हजेरीपट
घरात शिरायचा अधिकार मागू नका, बायकाच विरोध करतील. माल जमा करायच्या वेळी कारखान्याच्या दारात तपासणी मागा. हजार विड्यांना पान-तंबाखू किती दिली, छाट (नापास विड्या) किती काढली, नोंद पुस्तकात आहे का. पान कमी दिलं की कमी पडलेलं बाई पदरच्या पैशाने आणते आणि मजुरी कागदावर पूर्ण दिसते.

कलम 15 हीच इथली किल्ली. तक्रारदाराचं नाव तर नाहीच, पण भेट तक्रारीवरून आहे हेही मालकाला कळू द्यायचं नाही. त्यासाठी त्याच दिवशी शेजारच्या दोन-तीन ठिकाणीही जायला हवं. म्हणून पदं आणि गाडी, दोन्ही एकाच परिच्छेदात मागा. प्रवासाची सोय कलम 11 मध्ये आहे.