मायेन नदीकाठी गाड्यांशिवाय सायकल: नागपूरहून निघताना काय ठरवायचं?

अंबाझरी_पायडल
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि बायको सायकलने फ्रान्स फिरायचं म्हणतोय. लुआर नदीकाठचा मार्ग सगळ्यांच्याच तोंडी असतो, पण आम्हाला गर्दी नको आणि गाड्या तर मुळीच नकोत. नकाशात त्याच्या उत्तरेला मायेन नदी दिसते. तिच्या काठाने पूर्वी होड्या ओढून न्यायची वाट होती, ती आता सायकलींसाठी आहे असं वाचलं. सहा-सात दिवस, रोज ४०-५० किमी.

सुरुवात कुठून करावी? माझी हायब्रिड आहे, ७००×३५ टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. बायकोची २८ × १½ ची साधी काळी सायकल, तिला तीच बसायला बरी वाटते. दोन्ही इथून न्याव्या का? शिवाय ती पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. खेड्यात खाण्याचं कसं जमेल?

कन्हानकाठ
भाऊ, नदी बरोबर निवडली. मायेन गावापासून लाव्हाल, शातो-गोंतिये आणि पुढे थोडं दक्षिणेपर्यंत सुमारे ८५ किमी वाट पाण्याला चिकटून जाते. दाबून बसवलेली वाळू-मुरूम, बहुतेक ठिकाणी दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंद. दर दोन-तीन किलोमीटरला बंधारा आणि होड्यांसाठी लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून होडी वर-खाली नेणारी दारांची कुंडी. तेवढ्या जागी वाट मीटर-दोन मीटर चढते किंवा उतरते, बाकी सपाट. नदीचा उतार इतका कमी आहे की वरून खाली जायचं की खालून वर, याने पायांना काही फरक पडत नाही.

अडचण वाटेवर नाही, दोन्ही टोकांना आहे. मायेन गावात प्रवासी रेल्वे येत नाही, शातो-गोंतियेलाही नाही. म्हणून मुख्य मुक्काम लाव्हालला ठेवा. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून तेजेव्हेने (फ्रान्सची वेगवान रेल्वे) सव्वा तासाच्या आसपास लागतो. जड सामान लाव्हालच्या लॉजवर सोडायचं, एका रात्रीपुरतं घेऊन सुमारे ३५ किमीवर मायेनला जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. एकच वाट दोनदा कशाला, असं वाटेल. पण नदीचा हाच वरचा भाग जास्त अरुंद आणि दाट झाडीचा आहे, आणि रिकाम्या सायकलवर तो बघण्यासारखा आहे. मग सामान लादून दक्षिणेला. लाव्हाल ते शातो-गोंतिये पुन्हा साधारण तेवढंच अंतर. मध्ये आंत्राम गावाजवळ नदीलगतच ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचा मठ लागतो, पोर्ट सालू चीज मूळचं तिथलं.

दुसरं टोक म्हणजे दक्षिणेचं आंजे शहर. शातो-गोंतियेच्या दहा-बारा किलोमीटर पुढे जिल्हा बदलतो आणि काठाची वाट सलग राहत नाही. तिथून व्हेलो फ्रान्सेत या लांब पल्ल्याच्या सायकल मार्गाच्या पाट्या तुम्हाला छोट्या गावरस्त्यांवर काढतात. शनिये-शांजे, लियाँ-दांजे, ग्रे-न्यूव्हिल या गावांवरून. गाड्या तुरळक असतात, पण असतात. आणि दरीतून वर पठारावर जाणारे आखूड, तिखट चढ येतात. पूर्ण गाडीमुक्त हवं असेल तर शातो-गोंतियेच्या थोडं पुढे जाऊन मागे फिरा. आंजे गाठायचंच असेल तर उरलेल्या सुमारे ५० किमीचे दोन दिवस करा आणि शनिये-शांजेची पाणचक्की निवांत बघा.

मिस्त्री_सीताबर्डी
वाटेचं झालं. आता सायकल.

वहिनींची काळी सायकल नेऊ नका. सायकल वाईट म्हणून नाही, रिममुळे. आपली २८ × १½ म्हणजे ६३५ मिमीची रिम. ७०० सी म्हणजे ६२२. दोन्हींना लोक २८ इंचीच म्हणतात, पण एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. टायर फाटला तर फ्रान्सच्या खेड्यात ६३५ चा मिळणार नाही. शिवाय तिच्या ट्यूबला डनलॉप वॉल्व्ह, तिकडच्या ट्यूबा बहुतेक प्रेस्टा नाहीतर मोटारीच्या श्रेडर वॉल्व्हच्या. त्यांच्यासाठी तिकडेच भाड्याने घ्या. उभ्या हँडलची, रुंद सीटची सायकल सहज मिळते. भाड्याची दुकानं लाव्हालपेक्षा आंजेला जास्त. तिथे घेऊन प्रादेशिक गाडीने साब्लेमार्गे लाव्हाल, आणि पायडल मारत परत आंजे; म्हणजे सायकल जिथली तिथे परत करता येते.

तुमची हायब्रिड न्यायची तर आधी मागच्या चाकाचा आऊट काढून सगळे स्पोक एकसारखे ताणून घ्या. कारखान्यातून आलेल्या चाकात ताण कमी-जास्त असतो. रिकाम्या सायकलला कळत नाही, मागे १५ किलो लादले की सैल स्पोक दर फेरीला वाकतात आणि बहुतेक कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचे, हबजवळच्या वळणावर तुटतात. त्या बाजूच्या मापाचे तीन स्पोक आणि निपल जवळ ठेवा. ते घालायला कॅसेट उतरवावी लागते, तेव्हा त्याचं टूलही.

टायर ३५ चालेल, चिमट्यात जागा असेल तर ३८ घाला. सामानासकट मागे ५० पीएसआय, पुढे ४२-४५. इथल्या डांबरावरच्या सवयीने ७० भरलं तर त्या मुरुमावर हात बधिर होतात आणि कॅरिअरचे बोल्ट ढिले पडतात. बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा डिंक) लावा, रोज सकाळी ॲलन पान्हा फिरवा.

ब्रेक पॅडचा एक जादा जोड पुढे, एक मागे. पाऊस पडला की त्या वाळूची पेस्ट होते आणि रेझिनचे (राळेचे) पॅड बघता बघता संपतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड जास्त टिकतात, पण स्वस्त डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असेल तर घालू नका, डिस्क खाल्ली जाईल. चेनला रोज संध्याकाळी फडकं, मग एकेका कडीवर एक थेंब. चेन तेलात भिजवली की वाळू धरून ठेवते.

पॅकिंग: सीटपोस्टच्या उंचीवर टेप लावून खूण करा. डावं पायडल उलट आट्याचं, सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फडक्यात गुंडाळून फ्रेमला आतून बांधा. खोक्याला दणका बसला तर सगळ्यात आधी त्याचा हँगर, म्हणजे फ्रेमला धरणारी पट्टी, वाकतो. हँगर एक जादा घ्याच, दर फ्रेमचा वेगळा असतो आणि तिकडे जुळणारा मिळेलच असं नाही. चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागात) पॅडच्या मधोमध प्लॅस्टिकची पट्टी अडकवा. नाहीतर कोणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसत नाही. चिमट्याच्या टोकांत लाकडी ठोकळा. टायरची हवा पूर्ण काढायची गरज नाही, थोडी राहू द्या म्हणजे रिमला मार बसत नाही. हवा भरायची सीओटू काडतुसं टाळा, साधा पंप न्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

अंबाझरी_पायडल
मिस्त्री, डोळे उघडले. एक राहिलं: दुकानातून पुठ्ठ्याचं सायकलचं खोकं मिळतंय. तेच विमानात आणि मग तेजेव्हेमध्ये चालेल ना?

मिस्त्री_सीताबर्डी
विमानात चालेल, तेजेव्हेत अडेल. तिथे सुटी केलेली सायकल पिशवीत असावी लागते आणि पिशवी जास्तीत जास्त १३० × ९० सेंमी. पुठ्ठ्याचं खोकं १४० च्या आसपास लांब असतं. दोन रस्ते आहेत. दोन्ही चाकं काढून १३० × ९० मध्ये बसणारी मऊ पिशवी घ्या, कडांना फोम लावून तीच विमानातही द्या. किंवा विमानतळावरच सायकल जोडा, खोकं टाकून द्या आणि जोडलेल्या सायकलची जागा असलेली गाडी आरक्षित करा. त्याचे पैसे वेगळे लागतात, दर गाडीत जागा मोजक्या, काही गाड्यांत नाहीच. प्रादेशिक गाडीत बहुधा पुढचं चाक हुकला टांगतात. फलाटावर चढण्याआधी पॅनिअर (कॅरिअरच्या पिशव्या) उतरवून दोन्ही एका पट्ट्याने बांधून ठेवा.

नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचा टप्पा आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर काढा. वेगळी तिकिटं असली की देशांतर्गत वजनमर्यादा लागू होते आणि सायकलचे पैसे दोनदा.

जवसाची_चटणी
खाण्याचं मी सांगते. उपाशी राहायची वेळ येते ती पदार्थांमुळे कमी, वेळेमुळे जास्त. लहान गावात दुकानं दुपारी १२ ते २ बंद, जेवण मिळतं ते मात्र त्याच वेळेत. दोननंतर स्वयंपाकघर बंद, मग थेट संध्याकाळी सातला. रविवारी दुपारनंतर शुकशुकाट, सोमवारी बेकरी बंद असण्याची शक्यता मोठी. म्हणून शनिवारीच सोमवारपर्यंतचं घेऊन ठेवा.

‘व्हेजेतारियेन’ एवढंच म्हटलं तर मासे आणि अंडी येऊ शकतात. ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां ओफ’ (मांस, मासे, अंडं नको) असं कागदावर लिहून घेऊन वहिनींनी दाखवावं. कुटूची गालेत (कुटूच्या पिठाचं धिरडं) हा त्या भागातला सोपा पदार्थ: चीज आणि मश्रूम घालून, अंडं आणि हॅम नको म्हणून सांगायचं. पिठात अंडं घातलंय का तेही विचारा, काही ठिकाणी घालतात. कीशमध्ये (खारट भरलेली पेस्ट्री) अंडं असतंच, वर डुकराचे तुकडे. सूप मांसाच्या पाण्यावर केलेलं असू शकतं. डब्यातली मसूर घेताना घटक वाचा, पुष्कळदा त्यात सॉसेज असतं. चीजबाबत त्यांचा नियम काय ते आधी ठरवा: पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. ते चालत नसेल तर बागेत नावाचा लांब पाव, लोणी, फळं, उकडलेले बटाटे यांवर दिवस काढता येतात.

घरून भाजके पोहे, मेतकूट, जवसाची चटणी, मुगाची डाळ न्या. तूप, खवा, पनीर नको. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत. आपली संत्रीही राहू द्या, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. स्टोव्ह नेलात तर गॅस तिकडेच घ्या. खेड्यातल्या दुकानात बऱ्याचदा खटक्याने बसणारी काँपिंगगाझची डबी असते, आट्याच्या स्टोव्हवर ती बसत नाही. अडॅप्टर ठेवा.

पाण्यासाठी गावची दफनभूमी बघा, फाटकाजवळ नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

कन्हानकाठ
नियमांचं राहिलं होतं. घंटी, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर सक्तीचे. गावाबाहेर रात्री किंवा कमी उजेडात चमकणारं जॅकेट सक्तीचं. हेल्मेट १२ वर्षांखालच्यांना बंधनकारक, तरी तुम्ही घाला. कानात इअरफोन असेल तर १३५ युरो दंड. रस्त्यावर उजवीकडून चालायचं हे लक्षात राहतं, विसरतं ते दुसरंच: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं. गल्लीतून येणारा ट्रॅक्टर थांबत नाही, कारण नियम त्याच्या बाजूचा आहे.

फुटाळा_सहाला
सप्टेंबर ठीक आहे. उशीर होऊन नोव्हेंबर-डिसेंबरवर ढकलू नका मात्र. हिवाळ्यात आंजेच्या उत्तरेकडची सखल कुरणं पाण्याखाली जातात आणि पूर आला की काठाची वाटही बंद करतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून देता येतो, किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. विमा ३०,००० युरोंचा. अर्जाला मुक्कामाचे कागद जोडावे लागतात, तेव्हा लाव्हाल, मायेन, शातो-गोंतिये आणि आंजेची लॉजं आधीच ठरवा. ‘आक्योय व्हेलो’ (सायकलस्वारांचं स्वागत) ही पाटी असलेली घेतलीत तर सायकल रात्री कुलपात राहते आणि जुजबी दुरुस्तीची हत्यारंही मिळतात.