गाडी नाही, मुलं दोन: भाड्याच्या गाडीसाठी कार सीट कशी निवडावी? (अनुभव धागा, नागपूर)

घरी चारचाकी नाही. शाळा, बाजार, दवाखाना हे दुचाकी आणि मेट्रोवर निभतं. पण रामटेक, सेवाग्राम, चिखलदरा, लग्नाला अमरावती, नाहीतर समृद्धीवरून थेट शिर्डी, असं भाड्याच्या गाडीने जाणं होतंच, आणि सोबत दोन मुलं. एक अजून वर्षाच्या आतलं, दुसरं नुकतंच शाळेत जाऊ लागलेलं. दुकानातला सल्ला सीट एकाच गाडीत कायम राहणार असं धरून दिलेला असतो. इथे ती तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायची, अनोळखी गाडीत दहा मिनिटांत बसवायची आणि मुक्कामी पुन्हा काढायची. ज्यांना हे जमतं त्यांनी लिहा. किस्से नकोत. वजनं, मापं, पट्टा कुठून घालायचा आणि काय बिघडतं, तेवढं हवं.

बर्डीवाला

सीटपासून सुरुवात करू नका, टॅक्सीच्या पट्ट्यापासून करा. आपल्याकडे भाड्याला येते ती वॅगनआर, डिझायर, ऑरा किंवा एर्टिगा. मागे दोन्ही खिडक्यांकडे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा (तीन-बिंदू) पट्टा असतो. मधल्या जागेला जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा असतो, आणि त्यावर बूस्टर (मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा नीट बसवणारी बैठक) कधीच वापरायचा नाही. आयसोफिक्सची कडी (पट्ट्याऐवजी सीट थेट अडकवायची) गाडीत असली तरी जाड रेक्झिन कव्हरखाली दबलेली असतात. म्हणून आयसोफिक्सशिवाय बसतच नाही अशी सीट आपल्या कामाची नाही.

लेबल वाचा. आर४४/०४ या जुन्या युरोपीय मानकाच्या नारिंगी लेबलवर 'युनिव्हर्सल' असेल तर ती तीन-बिंदू पट्ट्यावर बसते. नव्या आर१२९ या युरोपीय मानकात गफलत होते: 'आय-साइझ' लिहिलेली सीट बहुधा आयसोफिक्सच मागते, पट्ट्यावर बसणारीवर 'युनिव्हर्सल बेल्टेड' लिहिलेलं असतं. भारतीय मानक एआयएस-०७२. यापैकी काहीच छापलेलं नसेल, तर ती कापडी गादी आहे. ऑनलाइन 'पोर्टेबल कार सीट' म्हणून पट्ट्या शिवलेली जी पातळ गादी विकतात, ती यातच आली.

मोहिनी_त्रिमूर्तीनगर

दोन मुलांच्या जोड्या वयावर नाही, वजन-उंचीवर लावा.

वर्षाच्या आतलं बाळ आणि चार वर्षांचं मूल: बाळासाठी हँडलवाली इन्फंट सीट (१३ किलोपर्यंत). ती तीन-चार किलोची असते आणि झोपलेल्या बाळासकट उचलता येते. मोठ्याला पाठ असलेला बूस्टर, पण १५ किलो झाले असतील आणि तो पट्ट्यात सरळ बसून राहत असेल तरच. पट्टा बगलेखाली घालणारं, पुढे वाकून खिडकीशी खेळणारं मूल असेल तर किलो काहीही असोत, अजून पाच-बिंदू हार्नेसच (सीटच्या स्वतःच्या, खांदे-कंबर-पायांमधून येणाऱ्या पट्ट्या) हवा.

दीड आणि तीन वर्षं: ही जोडी सगळ्यात जड पडते, कारण दोघांनाही हार्नेस लागतो. कन्व्हर्टिबल (उलटी-सरळ दोन्ही बसणारी) सीट पाच ते आठ किलोची, म्हणजे दोन मिळून एका भरल्या बॅगेएवढं ओझं. इथे महागड्या गाद्या, कपहोल्डर, ३६० अंश फिरणारा बेस हे सगळं सोडा आणि वजनकाट्यावर सीट निवडा. फिरणारा बेस टॅक्सीसाठी तर निव्वळ ओझं.

पाच आणि आठ: दोन बूस्टर, विषय संपला.

आर१२९ प्रमाणे १५ महिन्यांपर्यंत बाळ उलटं (तोंड मागच्या काचेकडे) बसवणं सक्तीचं आहे. जमेल तितकं त्यानंतरही तसंच ठेवा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये सगळा झटका पाठीवर पसरतो, सरळ सीटमध्ये तो मानेवर येतो.

गणेशपेठ_ट्रॅव्हल्स

गाडी लावणाऱ्याच्या बाजूने सांगतो. बुकिंग करताना "चाइल्ड सीट चालते का?" असं विचारूच नका. समोरचा "चालते ना!" म्हणून मोकळा होतो. हे विचारा: मागच्या सीटचे बेल्ट वरती आहेत का? दोन्ही बकल दिसून राहिले का? फोटो पाठवता का? बहुतेक गाड्यांत बकल सीटकव्हरखाली ढकललेले असतात, कारण सवारीला ते टोचतात. कव्हर लावून टाकलं की बकल काढायला पूर्ण कव्हर उसकवावं लागते. ते काम आदल्या रात्री होते, पहाटे पाचला तुमच्या दारात नाही होत.

दुसरं, सीएनजी गाडीची डिक्की टाकीनं भरलेली असते. दोन सीट मागे बसल्या की बॅगा कुठे जाणार? वरती कॅरिअर आहे का ते विचारा, नाहीतर पेट्रोल-डिझेलची गाडी मागा.

वॅगनआर, डिझायरमध्ये दोन सीट लावल्या की मधात मोठं माणूस बसत नाही, हे धरूनच चला. सीट साधारण ४४ सेंमी रुंद असते, दोन झाल्या की ८८. उरलेल्या जागेत अर्धं माणूस मावते. आई मागेच पाहिजे असेल तर एर्टिगा घ्या. पण मग तिसऱ्या ओळीत जायला ज्या बाजूची सीट सरकते, तिकडे कार सीट बांधू नका. नाहीतर आत गेलेली मावशी धाब्यावर चहाला बाहेरच नाही येऊ शकत.

आणि ड्रायव्हरला दहा मिनिटं आधी बोलवा. वेटिंगचं आधीच बोलून घेतलं की तोही घाई नाही करत.

कविता

कोण कुठे बसवायचं, ते कोणी लिहिलं नाही. उलटी सीट डावीकडे, पुढच्या सवारीच्या मागे. ड्रायव्हरच्या मागे लावली तर त्याला आसन पुढे घ्यावं लागतं, आणि तो ते वाटेत हळूच मागे ढकलतो. डावीकडे फुटपाथ येतो, बाळाला उतरवणंही सोपं. मोठं मूल उजवीकडे, पण त्याचं दार चाइल्ड लॉकवर आणि उतरवायचं डावीकडूनच. पुढे आई-बाबांतलं बुटकं माणूस बसवा.

उलटी सीट पुढच्या जागेवर कधीही नाही. २०२१ पासून नव्या गाड्यांना पुढच्या सवारीकडेही एअरबॅग सक्तीची झाली आहे, आणि टॅक्सीत ती बंद करायची सोय बहुधा नसते. फुटणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

न्यूजर्सी_ते_नरेंद्रनगर

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली सीट वापरणार असाल तर हे नक्की वाचा. हलक्या अमेरिकन सीट (कॉस्को सीनेरा वगैरे) प्रवासाला छान, पण त्या धरून चालतात की गाडीचा पट्टा पूर्ण ओढला की 'लॉक' होतो. तिथल्या गाड्यांत तसं असतं. आपल्या गाड्यांतला पट्टा बहुधा फक्त झटका बसल्यावर अडकतो, एरवी सैल सुटत राहतो. तपासायला पट्टा शेवटपर्यंत ओढा आणि हळूहळू आत जाऊ द्या. टिक-टिक आवाज करत आत गेला आणि परत ओढला जात नसेल, तर लॉक होणारा. गुपचूप आत-बाहेर होत असेल, तर सीट पहिल्या वळणाला डुलायला लागणार.

उपाय दोन. सीटलाच पट्टा चिमटणारा लॉक-ऑफ असेल तर तो वापरा. नसेल तर इंग्रजी एचच्या आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप लागते. काही सीटच्या पाठीला ती अडकवलेली असते आणि 'हे काय सुटं आलंय' म्हणून लोक फेकून देतात. सीट घट्ट बांधा, बकलच्या जिभेजवळ पट्ट्याचे दोन्ही पदर चिमटीत धरा, बकल सोडा, क्लिप जिभेपासून इंचभराच्या आत दोन्ही पदरांवर चढवा, पुन्हा बकल लावा. क्लिप लांब गेली तर उपयोग नाही.

अमेरिकन सीटवर आपल्या किंवा युरोपच्या मानकाचा शिक्का नसतो, हेही ध्यानात ठेवा. युरोपीय पद्धतीच्या सीटमध्ये छातीवरची क्लिप नसते. ती हरवली समजून बाहेरून विकत आणू नका.

फिटिंग_वाली

बसवायचा क्रम. सीट ठेवा आणि पट्ट्याची वाट रंगावरून ओळखा: निळ्या खुणा उलट्या बसवण्याच्या, लाल सरळ बसवण्याच्या. पट्ट्याला पीळ नको. बकल लावा आणि ओढून बघा. मग गुडघ्याने किंवा हाताने सीट खाली दाबून आधी कमरेचा पदर ताणा, त्याचा सैलपणा खांद्याच्या पदराकडे न्या आणि तोही ओढून घ्या. आता पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून कमी हललं तर ठीक. उलट्या सीटचा वरचा कडा जास्त हलतो, ते चालतं.

मग मूल. उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पट्ट्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघाव्यात, सरळ सीटमध्ये पातळीला किंवा किंचित वरून. खांद्याजवळ पट्टीची चिमूट घ्या. कापड चिमटीत आलं तर अजून ताणा.

टॅक्सीत तीन गोष्टी हमखास अडतात. पहिली, पट्टा अपुरा पडणं. इन्फंट सीटला पाठीमागून वळसा लागतो आणि छोट्या गाडीत तो पुरत नाही, म्हणून घेण्याआधी भावाच्या-शेजाऱ्याच्या वॅगनआरमध्ये लावून बघा. दुसरी, बकलची दांडी लांब असली की बकल सीटच्या कडेवर आडवं येतं आणि जोर बकलवर पडतो. जागा बदला किंवा दुसरी गाडी. तिसरी, टॅक्सीची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे उलटी सीट फार उभी राहते आणि झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते. तान्ह्याची श्वासनलिका त्याने दबते. सीटच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर टॉवेलची गुंडाळी बैठकीच्या सांध्यात घालून कोन साधारण ४५ अंशांवर आणा.

बर्डीवाला

@गणेशपेठ, दंडाचंही लिहायला हवं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल 'सुरक्षा पट्टा किंवा चाइल्ड सीट' यांपैकी काहीच न लावता नेलं तर १००० रुपये. त्यात 'किंवा' आहे, म्हणजे मोठ्यांचा पट्टा लावला तरी पावती टळते. पण तोच पट्टा चार वर्षांच्या मुलाच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. पावती टळली म्हणून मूल नीट बसलं असं होत नाही.

शंकरनगर_आजोबा

बिनपाठीचा घडीचा बूस्टर सगळ्यात सोपा दिसतो. किलो-दीड किलोचा, पाठीवरच्या पिशवीत मावतो. पाच वर्षांच्या नातीला तो का नको?

मोहिनी_त्रिमूर्तीनगर

काका, आता नव्याने मंजूर होणारे बिनपाठीचे बूस्टर १२५ सेंमी उंचीपासून पुढच्यांसाठीच असतात. पाच वर्षांची मुलं त्या मानाने बरीच बुटकी. आणि समृद्धीवर मूल झोपणारच. १२० ची वेगमर्यादा, सरळ रस्ता, एसी. पाठीला आणि डोक्याला बाजू नसल्या की झोपेत मूल आडवं कलंडतं आणि खांद्याचा पट्टा बगलेत जातो. तिच्यासाठी पाठवालाच घ्या, पाठ सुटी होणारा मिळाला तर उत्तम, पुढे खालचा भाग एकटा वापरता येतो. पट्टा कसा बसला ते बघायला: कमरेचा पदर मांडीच्या मुळाशी, पोटावर नाही. खांद्याचा पदर हाडाच्या मधोमध, गळ्याला घासणारा नाही.

उन्हाळी

नागपूरच्या मे महिन्याबद्दल. सीट घरात असते हा आपला फायदा, गाडीवाल्यांची उन्हात भाजते. पण जेवणाच्या थांब्याला गाडी उन्हात लागली की बकलची धातूची जीभ चटका देते. पांढरा दुपट्टा पूर्ण सीटवर टाकून जा आणि परत आल्यावर आपल्या हाताच्या पाठीने जीभ तपासा. बाळ बसल्यावर सीटवर कापड टाकू नका, उलट्या सीटमध्ये आधीच हवा कमी पोचते. मागे एसीचे झोत नसलेल्या गाडीत पुढचे झोत छताकडे वळवा. दर दोन तासांनी बाळाला बाहेर काढा. समृद्धीवर थांबे विरळ आहेत, तेव्हा निघतानाच ते ठरवा.

थंडीत उलटं. स्वेटर-जॅकेट काढून पट्ट्या आवळा, वरून शाल. जाड स्वेटरवर घट्ट वाटलेली पट्टी धडकेत सैल पडते.

चिखलदऱ्याच्या घाटात ओकारी होणारच. कव्हर निघतं का ते आधी बघून ठेवा. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसायच्या. साबणात भिजवून किंवा मशीनमध्ये धुतल्या की धागा कमजोर होतो. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा आणि संत्र्याचा रस गेला की 'टिक' होत नाही. साध्या पाण्याने धुवायचं, तेल अजिबात नाही.

गणेशपेठ_ट्रॅव्हल्स

ताडोबा-पेंचला जाणाऱ्यांनी: सफारीच्या उघड्या जिप्सीत सीट बांधायला बेल्टच नसते. रिसॉर्टवर ठेवून जा. ऑटो, ई-रिक्षातही तेच. मांडीवर सीट घेऊन त्यात बाळ, असं लोक करून राहिले, ते तर मुळीच नको. शहरात जिथे मेट्रो जाते तिथे मेट्रोच बरी.

कविता

दुचाकीवाल्यांसाठी एवढंच: फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, वेग ताशी ४० पर्यंत. तो हार्नेस चालकाच्या अंगाला बांधायचा असतो. कारमध्ये तो सीटची जागा घेत नाही.

फिटिंग_वाली

जुनी सीट घेणार असाल तर प्लास्टिकच्या पाठीवर कोरलेली उत्पादनाची तारीख बघा, आणि किती वर्षं वापरायची तेही तिथेच किंवा पुस्तिकेत असतं. अपघातातून गेलेली नको. कव्हर काढून थर्माकोलला तडा आहे का ते बघा. पुस्तिका हरवलेली असेल तर मॉडेल नंबरवरून ती उतरवून घ्या, नाहीतर सीट घेऊ नका. ओळखीतल्या घरातली सीट सगळ्यात बरी, तिचा इतिहास विचारता येतो.

न्यूजर्सी_ते_नरेंद्रनगर

विमानाचं राहिलं. विमानात फक्त कमरेचा पट्टा, म्हणून बूस्टर तिथे चालत नाही. हार्नेसवाली सीट न्यायची तर तिच्यावर विमानात वापरायची मंजुरी छापलेली हवी. अमेरिकन सीटवर हे वाक्य लाल अक्षरांत असतं. बाळाचं वेगळं तिकीट लागतं, आणि एअरलाइनला आधी विचारावं लागतं. साध्या वर्गातली बैठक १७ इंचांच्या आसपास, तेव्हा सीटची रुंदी टेपने मोजून घ्या. सामानात टाकायची असेल तर उघडी देऊ नका. बबल रॅपमध्ये गुंडाळून मोठ्या पिशवीत घाला, पोकळीत लंगोट आणि टॉवेल भरा, आणि सोनेगावला (नागपूर विमानतळावर) उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्याआधी कवच आणि बकल उघडून तपासा. तडा दिसला तर सामानाच्या बेल्टजवळच्या काउंटरवरच तक्रार लिहून घ्या, विमानतळाबाहेर पडल्यावर ती कोणी घेत नाही.