गौडा चीज रोज डब्यात : पौष्टिक की नुसतं तूप-मीठ?

आइंडहोवनची सून
इथे नेदरलँड्समध्ये दुपारचं जेवण म्हणजे ब्रेडचे दोन स्लाइस आणि मध्ये गौडा. माझी नऊ वर्षांची लेक शाळेत रोज तेच नेते. सासूबाई आल्यापासून एकच पालुपद, "पोरीला काय ते पिवळं रबर चारतेस!" म्हणून आकडे काढले. 100 ग्रॅम गौड्यात साधारण 356 कॅलरी, 25 ग्रॅम प्रथिनं, 700 मिलिग्रॅम कॅल्शियम. दोन चकत्या म्हणजे 40 ग्रॅम धरा. त्यातून 10 ग्रॅम प्रथिनं आणि 280 मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे मोठा पेलाभर दुधाएवढं. लेक दुधाला तोंड लावत नाही. मग रोज दिलं तर बिघडलं कुठे?

कोथरूडकर
सोयीचे आकडे तेवढे सांगितलेत. त्याच 100 ग्रॅममध्ये 27 ग्रॅम फॅट, त्यातलं 17-18 ग्रॅम सॅच्युरेटेड. सोडियम 800 मिलिग्रॅमच्या वर. गौडा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, मग दुसरं काय होणार? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. कॅल्शियमच हवंय तर नाचणीत 100 ग्रॅमला 364 आहे. मीठ शून्य.

आइंडहोवनची सून
ते 100 ग्रॅम पिठाचे. नऊ वर्षांची पोर एका वेळी किती भाकरी खाईल? शिवाय नाचणीतल्या फायटेटमुळे, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे, सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. मोड आणून, आंबवून घेतली तर बरं. पण सकाळी सातला ते कोण करणार? तुम्ही या, करा.

पोटदुखीवाला
मला दूध बाधतं, गौडा नाही. तो करताना दूध फाडून सुटलेलं थोडं पाणी (निवळी) काढतात आणि उरलेल्या गोळ्यांत गरम पाणी घालतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तिथेच बरीच निघून जाते, उरलेली जिवाणू खातात. त्यामुळे लॅक्टोज जवळजवळ राहतच नाही.

मीठमोजणी
पाकिटावरच्या '48+' ला घाबरून मी दोन वर्षं गौडा घेतला नव्हता. वाटायचं, निम्मं तूपच! तो आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या फॅटचा असतो. गौड्यात 40 टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणजे प्रत्यक्षात फॅट 30 टक्क्यांच्या आत-बाहेर. तरी मी कोथरूडकरांच्या बाजूची. डच पोषण केंद्राचं 40 ग्रॅमचं माप मोठ्यांसाठी आहे, मुलांना त्याहून कमी. आणि त्यांची पसंती कमी फॅटच्या 30+ ला. सूनबाई, लेकीला तुम्ही मोठ्यांचं माप लावलंय.

आइंडहोवनची सून
हे मात्र मान्य. मोठ्यांचा तक्ता बघून बसले होते. पण 30+ आणून पाहिलंय, ते खरंच रबर लागतं. सासूबाई जिंकतील.

शाकाहारी पण चौकस
कॅल्शियम राहू द्या, दूध कशाने फाडलंय ते बघितलंत का? पारंपरिक गौड्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं. 'शाकाहारी रेनेट' लिहिलेलं शोधून घ्या. सासूबाईंना आधी हे कळू देऊ नका म्हणजे झालं.

कोथरूडकर
आणि तो वर्षभर मुरवलेला कडक गौडा आणू नका. पाणी उडतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात मीठ नि फॅट दोन्ही जास्त. चार आठवड्यांचा मऊ परवडला.

आइंडहोवनची सून
तुमच्या ताटातलं लोणचं, पापड, फरसाण कोण मोजतं?

कोथरूडकर
मी मोजतो. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून.

आइंडहोवनची सून
बरं. उद्यापासून एकच चकती, आणि दुसऱ्या स्लाइसला शेंगदाण्याचं बटर, बिनमिठाचं. लेकीला अजून सांगितलेलं नाही.