दाढीचं ब्लेड गंजू नये म्हणून तुम्ही काय करता?

बदलीवर रत्नागिरीत आलो, हा दुसरा पावसाळा. पुण्यात एक ब्लेड सात-आठ दाढ्यांना पुरायचं. इथे तिसऱ्या वेळी मशीन उघडलं की कडेला तांबूस डाग. टॉवेल वाळत नाही तिथे ब्लेडची काय कथा! तुमचे उपाय लिहा, फसलेलेही चालतील.

*

मी मालवणचा. ब्लेड मशीनमध्ये आवळलेलंच ठेवता ना? दोन पत्र्यांमध्ये थेंबभर पाणी अडकतं, ते दिवसभर सुकत नाही. दाढी झाली की मी स्क्रू ढिला करतो, नळाखाली धरतो, झटकतो आणि खोलीतल्या खिडकीत उभं करतो. बाथरूममध्ये ठेवत नाही. पुसायला जाऊ नका. मी गेलो होतो, टॉवेल आणि अंगठा दोन्ही कापले.

*

आजोबांची ब्लेडं साध्या पोलादाची, एका रात्रीत गंजायची. ते वाटीत खोबरेल घेऊन त्यात बुडवून ठेवत. नाशिकची थंडी, तेल थिजायचं, मग सकाळी काडीने ब्लेड उकरायचं. आजी म्हणायची, दाढीपेक्षा उत्खननालाच वेळ जातो. मी फक्त बोटभर तेल पात्याच्या सपाट बाजूला लावतो, धारेला नाही.

*

धातुशास्त्र शिकलोय म्हणून थोडं. स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे. पात्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं, त्याचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर पोलादाला झाकतो. मीठ नेमका तोच थर फोडतं, म्हणून समुद्रकाठी त्रास जास्त. पण गंज रोखला म्हणून ब्लेड जन्मभर चालेल असं नाही. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडवतो. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

*

माझा फसलेला: तुरटीचा ओला खडा आणि मशीन एकाच डब्यात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, आठवड्यात ब्लेडवर खड्डे.

*

डाग पांढरे असतील तर तो गंज नाही, बोअरच्या पाण्याचे क्षार. मी शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करते.

*

धागाकर्ता परत. स्क्रू ढिला करून खिडकीत ठेवायला लागलो. कालची सहावी दाढी, अजून डाग नाही. तुरटीचा खडा माझ्याही डब्यात होता, तो हलवला.